केशरी पाइप की साधा

आमच्या बुढ्याला रॉकेटचा नाद लागला तो रेल्वेतून निवृत्त झाल्यावर. बुढा म्हणजे माझा नवरा. तोंडावर मी त्याला 'तुमी'च म्हणते, पण लिहिताना एवढं 'तुमी' कोण सांभाळत बसणार.

तो गोंदियाला रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होता. निवृत्त झालेले लोक देवळात जातात, पत्ते खेळतात, नाहीतर सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवतात. आम्हाला सून नाही. दोन मुली, त्या लग्न होऊन गेल्या. कुडव्याच्या घरात आम्ही दोघंच. मी सकाळी विड्यांचं सूप घेऊन ओसरीवर बसायची, आणि तो माझ्यासमोर बसून मी विड्या कशा वळाव्यात ते सांगायचा. महिनाभर मी ऐकलं. मग म्हटलं, "अजी, काहीतरी काम शोधा." त्यानं शोधलं.

ही रॉकेटं दिवाळीतली नव्हेत. दिवाळीतला बाण वर जातो, फुटतो, संपलं. बुढ्याचं रॉकेट कमरेएवढं उंच. ते वर जातं, वर पोचलं की त्याचं टोक सुटतं, आतून छत्री बाहेर पडते आणि सगळं सावकाश खाली येतं, पुन्हा वापरता येतं. असं तो सांगायचा. मी तसं कधी पाहिलं नव्हतं. त्यानंही नव्हतं.

पहिली तीन त्यानं पुठ्ठ्याची केली. कापडाच्या दुकानात तागे ज्या पाइपाला गुंडाळलेले असतात तो पाइप मागून आणायचा. पहिलं शेजारच्या पपईत घुसलं. त्यानंतर शेजारणीनं आमच्याशी बोलणं टाकलं आणि आम्ही रॉकेट सोडायला माझ्या भावाच्या शेतात जाऊ लागलो. भावाचं गाव दरेकसा स्टेशनावर उतरून तीन मैल आत. दुसरं तिथल्या बोडीत पडलं. बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं. काढेपर्यंत पुठ्ठ्याच्या शेवया झाल्या होत्या. तिसरं वर गेलं आणि गेलंच. ठाण्यात जाऊन परवानगी काढावी लागायची ती निराळी. आमच्याकडच्या जंगलाच्या बाजूला रॉकेट सोडतो म्हणून सांगणारा म्हातारा ठाणेदाराला रोज भेटत नसावा. त्यानं बुढ्याला बसवून चहा पाजला आणि त्याचं डोकं ठिकाणावर आहे का ते मला विचारलं. मी म्हटलं, अजून आहे.

मग डोळ्याचं निघालं. उजव्या डोळ्यानं दिसेनासं झालं, तर आम्हाला वाटलं मोतीबिंदू असेल, काढून टाकू. नागपूरच्या डॉक्टरनं तपासलं आणि म्हणाला काचबिंदू आहे. उजवा गेला. डाव्यातलं जे गेलं ते परत येणार नाही, जे उरलं ते थेंब टाकून जेवढं टिकेल तेवढं. मला समजावं म्हणून तो म्हणाला, "आजी, यांना आता पाइपमधून पाहिल्यासारखं दिसतं. मधलं दिसतं, बाजूचं नाही. तो पाइपही बारीक होत जाईल." त्या डॉक्टरला आमच्या घरची काही माहिती नव्हती. बुढा हसला. मी नाही.

गाडीत परत येताना तुमसर मागं पडल्यावर बुढा म्हणाला, "एक वर जाताना आन् खाली येताना पुरा पाहून घेतो. सुरुवातीपासून शेवटवर. मंग बंद."

"आन् नाई दिसला तं?"

"म्हणून तं आता घाई आहे."

एवढंच त्याचं मागणं होतं. लोक काशी-रामेश्वर मागतात, त्यापेक्षा हे जवळ होतं.

पुठ्ठा पुन्हा वापरायचा नाही हे त्यानं ठरवलं. फायबरचा पाइप हवा, पाण्यानं भिजत नाही, आपटला तरी चेपत नाही. नागपूरला असले पाइप करणारा एक कारखाना त्यानं शोधून काढला. कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड आणि डोकं दुखवणारा वास. मालक चांगला माणूस होता, हिंदीत बोलायचा. त्यानं दोन तऱ्हेचे पाइप समोर ठेवले. एक बिनरंगाचा, पातळ ताकात थोडं हिरवं मिसळावं तसा. दुसरा केशरी. केशरी पाइपात रंग वरून लावलेला नसतो, करतानाच धागे ज्यात भिजवतात त्या चिकात घातलेला असतो.

"माताजी, कलर अंदर तक है," मालक मला म्हणाला. "घिसो, काटो, केशरीच निकलेगा. पेंट का झंझट नहीं, पेंट का वजन नहीं."

बुढ्यानं केशरी उचलला आणि हात लांब करून डोळ्यासमोर धरला. मग डोकं हळूहळू फिरवत पाइपाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. आताशा तो सगळंच असं पाहायचा.

मी साधा उचलला आणि दाराशी जाऊन उन्हात धरला. मी चौथीत शाळा सोडली तेव्हापासून विड्या वळल्या आहेत. तेंदूचं पान हाती आलं की आधी उजेडापुढं धरायचं. वरून गुळगुळीत, हिरवंगार दिसणाऱ्या पानाला उजेडात सुईएवढी भोकं निघतात, आणि तसल्या पानाची विडी मोजून घेणारा माणूस छाटात, म्हणजे रद्द मालात, टाकतो. हात आपोआप वर जातो. पाइपही तसाच वर गेला. आणि सगळं दिसलं. आतले धागे बाजेच्या विणीसारखे तिरपे गेलेले. एका जागी हवेचे बुडबुडे. एका जागी दुधाच्या थेंबासारखा पांढरा डाग.

"हे काय आहे?" मी विचारलं.

मालक म्हणाला, "वहाँ थोडा माल कम पहुँचा है."

तो पाइप मी बाजूला ठेवला. दुसरा, तिसराही ठेवला. चौथा स्वच्छ निघाला. मग केशरी उन्हात धरला. काहीच दिसेना. नुसता केशरी.

"अजी, हा नका घेऊ," मी बुढ्याला म्हटलं. "याच्या पोटात काय आहे ते समजत नाई."

"मले पोटातलं कायले पाहिजे? मले तो वर दिसला पायजे."

"फुटला तं दोन दिसतील."

"साधा तं आभाळात विरघळून जाते. या डोळ्यानं कसा पाहू?"

"रंग मारा वरून."

"वजन वाढते. आन् माझ्या हातानं सारखा बसते का आता रंग?"

मालक दोघांकडं आळीपाळीनं पाहत होता. त्याच्याकडं बांधकामवाले आणि टाक्यांवाले यायचे, नवरा-बायको येत नसावेत. तो म्हणाला, "दादाजी, माताजी की बात भी ठीक है."

"तुम बीच में मत बोलो," आम्ही दोघंही म्हणालो.

शेवटी केशरी घेतला. डोळे त्याचे, रॉकेट त्याचं. पण मी तो तसाच बाहेर जाऊ दिला नाही. रुपयाच्या नाण्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकत गेले. सगळीकडं टणटण, एका टोकाजवळ मात्र वीतभर जागा बद्द वाजली. तेवढी कापून टाकायला लावली. मालकानं कापली, पण मला पुन्हा माताजी म्हटलं नाही.

त्यानंतरचे दोन महिने ओसरीवर तेच. पाइपाला पंख बसवायला खाचा पाडायच्या होत्या. बुढ्यानं त्या कोरड्याच पाडल्या, आणि त्याची भुकटी दोघांच्या अंगावर उडाली. फायबरची भुकटी खाजकुहिरीसारखी. चार दिवस आम्ही समोरासमोर बसून खाजवत होतो. मग कोणीतरी सांगितलं की पाण्यात बुडवून घासायचं असतं. त्यानं माझं पानं भिजवायचं घमेलं घेतलं. मी परत घेतलं. त्यानं बादली आणली. टोक शिवणीच्या लाकडाचं, सुताराकडून उतरवून घेतलं. छत्रीला माझी एक जुनी नायलॉनची साडी गेली. साड्या तीन होत्या, त्यानं केशरी निवडली. दोरीसुद्धा रंगवून केशरी केली. सकाळ-संध्याकाळ मी त्याच्या डाव्या डोळ्यात थेंब टाकायची, आणि टाकून झालं की तो रॉकेटकडं पाहून सांगायचा, दिसते. एक दिवस तो म्हणाला दिसते, आणि रॉकेट त्याच्या दुसऱ्या बाजूला होतं. मी उचलून समोर ठेवलं.

दिवस फाल्गुनातला ठरवला. ठरवायला कारणं पक्की होती. धान कधीच निघालेलं, त्यावर पेरलेली डाळीची लाखोळीही उपटून झालेली, शेतं मोकळी. जमीन वाळलेली, बोडीत पाणी कमी. सकाळी वारा पडलेला. भावालाही फुरसत. रॉकेट चादरीत गुंडाळून आम्ही सकाळच्या गाडीनं निघालो. डब्यातल्या एका बाईनं विचारलं, "काय आहे वो, मृदंग?" बुढा म्हणाला, "रॉकेट." ती सरकून बसली.

शेतावर भाऊ वाट पाहत होता. तो माझ्याहून लहान, मला बाई म्हणतो, आणि बुढ्याशी थट्टा केल्याशिवाय त्याला अन्न पचत नाही.

"भाऊजी, या वेळी कोणाच्या पपईत?"

"तुह्या डोक्यावर पाडतो. तेवढीच पडीक जागा दिसते."

रॉकेटच्या बुडातल्या दारूला लांब वायर जोडली, सगळे मागे आलो. बुढा बटण घेऊन उभा. मी त्याच्या थोडं मागे. त्यानं बटण दाबलं. आवाज झाला, धूर झाला, आणि केशरी रेघ सरळ वर गेली. पाइप फुटला नाही. माझं म्हणणं खोटं ठरलं, तेही इथं लिहून ठेवते.

"चालला, चालला," बुढा म्हणत होता. त्याची मान मागे मागे जात होती. त्याच वेळी भावाचा बैल त्या आवाजानं दावं तोडून निघाला, आणि मी बैलाकडं पाहिलं. बुढा ओरडला, "उघडली! उघडली वो छत्री!" मी वर पाहिलं तर मला आभाळच दिसलं. भाऊ बैलामागं धावत होता.

"आता येऊन रायला," बुढा म्हणाला. मान हळूहळू खाली येऊ लागली. "येऊन रायला... येऊन रायला... त्या झाडावर बसला."

त्यानं बोट दाखवलं, तिकडं मी पाहिलं, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं.

फाल्गुनात आमच्याकडं पळस फुलतो. एक-दोन नाही. प्रत्येक बांधावर, बोडीच्या पाळीवर, पार जंगलापर्यंत. पान एक नाही, सगळं झाड केशरी. त्या झाडांच्या खाली आम्ही तिघं लहानाचे मोठे झालो. त्याच्या पानांवर जेवलो, त्याची लाकडं जाळली, होळीला त्याच्या फुलांचा रंग केला. फाल्गुनात पळस फुलतो हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही, आणि म्हणूनच त्यावर विचार करायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. वारा पाहिला, पाणी पाहिलं, जमीन पाहिली. झाडं पाहिली नाहीत. दोन महिने बसून आम्ही त्या रानात हरवायला सगळ्यात सोपा रंग निवडला होता, छत्रीसकट.

भाऊ बैल बांधून परत आला. त्यानं चारी बाजूंनी पाहिलं आणि डोक्याचा रुमाल काढला.

"भाऊजी, यंदा पळसाले रॉकेटच लागले गा. कोणतं तोडू?"

"त्याच झाडावर आहे," बुढा म्हणाला. "खालून दुसरी फांदी. मी शेवटवर पाह्यला."

भाऊ चढला. मुंग्या चावल्या. फांदीवर फुलं होती. मग शेजारच्या झाडावर चढला. बुढा खाली बसून राहिला. त्याला उठायची गरज वाटत नव्हती. रॉकेट त्यानं पाहिलं होतं, वर जाताना आणि खाली येताना, सुरुवातीपासून शेवटवर. त्याचा चेहरा बऱ्याच दिवसांत मी तसा पाहिला नव्हता.

मी दुसऱ्या दिशेनं निघाले. मला वर काही दिसलं नव्हतं, पण बैल सुटला त्यानंतर थोड्या वेळानं मागच्या बाजूला काहीतरी खरडल्याचा आवाज झाला होता. मी बोडी ओलांडून पलीकडं गेले. दुपार होत आली होती. पळसाखाली गळलेल्या फुलांचा सडा, त्यात चालता चालता पायाला दोरी गुंतली. दोरी ओढली तर साडी आली, साडीमागं रॉकेट. धड होतं. बुढ्याच्या झाडापासून ते पाव मैल तरी लांब, उलट्या बाजूला.

भाऊ तोवर मला शोधत तिथं आला होता. त्यानं रॉकेट पाहिलं, मागे वळून बुढ्याचं झाड पाहिलं, आणि त्याला समजलं.

"बाई, त्याच झाडावर होता म्हणून सांग."

"काऊन?"

"काऊन म्हणते! बुढा किती खूश बसला आहे तिथं. तुह्या बापाचं काय जाते?"

"बाप तुहाही आहे."

"सांग ना वो. एका शब्दानं काय होते?"

मी रॉकेट खांद्यावर घेतलं आणि चालू लागले. काय होतं ते मला नीट मांडता येत नाही. तीस वर्षं तो गाड्यांचे ब्रेक बसवत होता. ब्रेक लागला असं वाटणं आणि ब्रेक लागणं यात त्यानं कधी गल्लत केली नाही. घरी मी भात कच्चा असताना शिजला म्हटलेलं त्याला चालायचं नाही. आता डोळा गेला म्हणून त्याला काहीही खपवायचं, तर मग मी त्याला लहान पोर समजले असं झालं असतं. तेवढी दया मला जमत नाही.

बुढा म्हणाला, "सापडला ना? दुसरी फांदी?"

"नाई. बोडीच्या पलीकडं होता, जमिनीवर. तुमी पाह्यलं ते फूल होतं."

भावानं कपाळावर हात मारला आणि बैलाकडं निघून गेला.

बुढ्यानं रॉकेट मांडीवर घेतलं. मग विचारलं, "वर गेला, तो तं मी पाह्यला?"

"तो पाह्यला. मीही पाह्यला."

"आन् छत्री?"

"छत्री तुमीच पाह्यली. मी बैलाकडं पाहत होती."

"आन् खाली येताना?"

"कोणीच नाई पाह्यला."

तो म्हणाला, "मंग नाई झालं." मी म्हटलं, नाही झालं. आम्ही डबा सोडला, भात आणि जवसाची चटणी होती, जेवलो, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आलो. भाऊ स्टेशनापर्यंत आला, पण माझ्याशी बोलला नाही. होळीला बोलू लागला.

त्या पावसाळ्यात डावा डोळाही बराचसा गेला. उजेड-अंधार समजायचा, माणूस समोर उभा राहिला तर सावली समजायची. मला वाटलं आता रॉकेट संपलं. दिवाळी झाल्यावर तो म्हणाला, "नागपूरले जायचं आहे. पाइप पाहिजे."

"जुना आहे ना, धड."

"तो नको. साधा घेऊ."

"काऊन? आता तं रंगाचा सवालच नाई."

"म्हणूनच. आता पाहणारी तू आहेस, तं तुले ज्याच्या आतलं दिसते तोच घेऊ."

कारखान्याच्या मालकानं मला ओळखलं आणि न विचारता साध्या पाइपांचा सगळा गठ्ठा दाराशी उन्हात आणून ठेवला. सात पाहिले, एक घेतला. घासायचं काम मी केलं, खाचा बुढ्यानं हातानं चाचपून पाडल्या. मी डोळ्यांनी पाहून पाडल्या असत्या त्यापेक्षा त्याच्या खाचा सरळ आल्या.

या वेळी पौष ठरवला, पळसाला फुलं नव्हती. शेतात लाखोळी हिरवी उभी होती आणि भाऊ आधीच बजावत होता की माझं पीक तुडवलं तर भाऊजी-बिऊजी पाहणार नाही. बुढ्यानं बटण माझ्याकडं दिलं नाही. स्वतः दाबलं. मग म्हणाला, "सांग."

"गेला."

"सरळ?"

"जरा पूर्वेकडं कलला. जाऊन रायला."

"बैलाकडं नको पाहू."

"बैल घरी आहे. छत्री उघडली. पुरी उघडली."

"आन्?"

"येऊन रायला. झोकांड्या खात. बोडीवरून... नाई, अलीकडंच. लाखोळीत उतरला. बांधापासून वीस-पंचवीस पावलं."

"पडला का उतरला?"

"उतरला."

हिरव्यात तो पांढरट पाइप दुरून दिसत होता, शोधावा लागला नाही. भाऊ आणायला धावला तर बुढा म्हणाला, कोणी हात लावू नका. मी त्याला बांधावरून नेलं. दोघांच्या पायाखाली लाखोळी तुडवली जात होती, भाऊ काही बोलला नाही. बुढा खाली बसला. टोकापासून सुरुवात केली आणि हळूहळू बोटं खाली आणली. लाकूड, मग छत्रीची दोरी, मग पाइप. पाइप सगळ्या बाजूंनी फिरवला. मग पंख एक एक करून धरून हलवले. तिसऱ्यावर थांबला.

"हा हालून रायला."

मी वाकून पाहिलं. मला सरळ दिसत होता. हात लावला तर खरंच हलत होता, केसभर.

"बाकी धड आहे," तो म्हणाला. रॉकेट त्यानं पुन्हा होतं तसंच लाखोळीत ठेवलं आणि हात धोतराला पुसले. "उतरला वो."

"तेच तं केव्हाची सांगून रायली मी," मी म्हटलं.